क्रम न मोडणारी नळी

तिवसा तालुक्यात एखाद्या वावरात बोअरची गाडी लागली की शेजारचे चार जण तरी धुऱ्यावर येऊन बसतात. आधी काळी माती उडते, मग पिवळसर मुरूम, मग काळ्या दगडाचा राखाडी भुगा. हा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. काही तासांत नळी एवढा काळ भेदून जाते, पण बसलेल्यांचं लक्ष असतं पाण्याकडे. पाणी लागलं तर पेढे, नाही लागलं तर सुस्कारा. भुग्याचा ढीग दोन्ही वेळा तिथेच पडून राहतो. त्यात वरचं खाली आणि खालचं वर झालेलं असतं. माती सगळी बाहेर आलेली असते, हरवलेला असतो तो तिचा क्रम.

हा क्रम न मोडता जमिनीच्या पोटातून वर आणायची एक नळी आहे. ती बर्फाच्या प्रदेशात मोठी झाली आणि फिरत फिरत आपल्या वऱ्हाडात लोणारपर्यंत आली. तिचाच हा मागोवा.

क्रम वाचायची जुनी रीत खड्ड्याची. तिवसा तालुक्यातलंच वर्धेकाठचं कौंडण्यपूर घ्या. रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण त्या गावाला हात जोडतो. तिथे मो. गं. दीक्षितांनी उत्खनन केलं आणि १९६८ साली त्याचा अहवाल छापून आला. खड्ड्याची भिंत सरळ तासायची आणि वरून खाली वाचत जायचं. जो थर खाली तो आधीचा. पण तळ्याच्या बुडाशी किंवा मैलभर जाडीच्या बर्फात असा खड्डा कोण खणणार?

तिथलं काही जाणून घ्यायची ओढ मात्र मराठी माणसाला जुनी आहे. लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ १९०३ साली प्रसिद्ध झाला. आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं, हा त्यातला सिद्धान्त आज कुणी धरून बसत नाही. पण त्यासाठी टिळकांना एक प्रश्न सोडवावा लागला: शेवटचं हिमयुग संपलं कधी? त्यांनी अमेरिकन भूशास्त्रज्ञांचा आधार घेतला. नायगाराचा धबधबा कडा झिजवत दरवर्षी किती मागे सरकतो, यावरून त्या मंडळींनी हिशेब मांडला होता. टिळकांनी त्यातून इसवी सनापूर्वी ८००० च्या सुमाराचा काळ धरला. पुराव्याजवळ जायची सोय नव्हती, म्हणून लांबच्या धबधब्यावरून अंदाज बांधला.

पुरावा जमिनीत थरावर थर साचून पडून होता आणि त्याच्यापर्यंत पोचायची पहिली साधी वाट दलदलीतून गेली. युरोपच्या उत्तरेत पाणथळ जागी अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर साचतात. ते वाळवून जळण म्हणून वापरतात. थर किती खोल आहे हे बघायला हातानं फिरवायचा लहान बोअर असे. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टने अशा थरांतले परागकण मोजले. १९१६ साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, त्याने आपले आलेख मांडले. कोणत्या खोलीवर कोणत्या झाडांचे पराग, ते बघायचं आणि त्यावरून जंगल कसं बदलत गेलं ते सांगायचं. जळणासाठी टोचलेल्या भोकातून हवामानाची वही निघाली.

बर्फात मात्र आधी खड्डाच खणला गेला. १९३०-३१ च्या हिवाळ्यात ग्रीनलंडच्या मधोमध, आल्फ्रेड वेगेनरच्या मोहिमेच्या ‘आइसमिटे’ या तळावर, एर्न्स्ट झोर्गे सुमारे १५ मीटर खोल उतरला. दर वर्षाचा बर्फ वेगळा ओळखता येतो हे त्याने मोजून दाखवलं. खाली जावं तसा वरच्या भाराने तो घट्ट होत जातो. कौंडण्यपूरच्या खड्ड्यात जे केलं जाई तेच इथे झालं होतं, फक्त मातीच्या जागी बर्फ होता. पण १५ मीटर म्हणजे पुस्तकाची पहिली दोन पानं.

पुढची पानं उघडली ती लष्कराच्या जोरावर. शीतयुद्धात अमेरिकेने ग्रीनलंडच्या बर्फाखाली ‘कॅम्प सेंच्युरी’ नावाचा तळ उभारला. तिथे बर्फाला वर्षानुवर्षं भोक पाडत १९६६ साली नळी १,३८७ मीटर खोल, थेट खडकाजवळ पोचली. तिच्यातून निघालेल्या बर्फाच्या दांड्याला गाभा म्हणतात. गाभ्यातली अक्षरं वाचायची युक्ती विली डान्सगार्डकडे होती. १९५२ च्या जूनमध्ये कोपनहेगनला पाऊस लागला, तेव्हा त्याने अंगणात बिअरच्या बाटलीवर नरसाळं ठेवून पाणी धरलं होतं. पाण्यात जड आणि हलका असे दोन्ही प्रकारचे ऑक्सिजन असतात. त्यांचं प्रमाण हवेच्या उष्ण-थंडपणाप्रमाणे बदलतं, हे त्यातून त्याच्या ध्यानात येत गेलं. मग जुना बर्फ म्हणजे जुन्या थंडीची मोजणीच. १९६९ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी कॅम्प सेंच्युरीच्या गाभ्यातून सुमारे एक लाख वर्षांचं हवामान मांडलं. पुढे उत्तर ग्रीनलंडच्या दुसऱ्या गाभ्यातले थर मोजून हिमयुगाच्या शेवटाचा आकडा ठरला: आजपासून ११,७०० वर्षं. टिळकांनी नायगारावरून धरलेला काळ त्यापासून फार लांब नव्हता. फरक इतकाच की आता अंदाजाच्या जागी मोजणी होती.

तळ्यांसाठी वेगळी नळी लागली. चिखल बर्फासारखा उभा राहत नाही. नळी दाबली की तो दबतो, वर ओढली की गळतो. अमेरिकन संशोधक डॅनियल लिव्हिंगस्टनने अलास्कातल्या आर्क्टिक तळ्यांवर काम करताना १९५५ मध्ये हलकी, दोघा-तिघांना हाताळता येईल अशी नळी मांडली. तिच्या आत पिचकारीसारखा दट्ट्या असतो. दट्ट्या जागेवर धरायचा आणि नळी खाली रेटायची. ओढीमुळे चिखल आहे तसाच आत बसतो.

आता लोणारचं विवर आणि त्यातलं तळं. १८९६ साली जी. के. गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाला ॲरिझोनातल्या विवराबद्दल लिहिताना लोणार आठवलं होतं. नायगाराचा हिशेब करणाऱ्यांतला तो एक. दोन्ही विवरांचं कारण त्याला वाफेचा स्फोट वाटलं. निकाल लागायला तळातच भोकं पाडावी लागली. गाळाच्या जाड थराखालून निघालेल्या फुटलेल्या दगडात प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली. लोणार उल्कापातानेच घडलं, हे १९७३ साली जाहीर झालं.

मग त्याच गाळाची पाळी आली. जर्मनीतल्या पॉट्सडामच्या संस्थेतल्या सुषमा प्रसाद आणि त्यांच्या भारतीय व जर्मन सहकाऱ्यांनी तळातून सुमारे १० मीटरचा गाभा काढून तपासला. त्यांचा निबंध २०१४ साली आला. पाणी आटून खारटपणा वाढला की तळाशी सोडियम आणि कॅल्शियमच्या कार्बोनेटचे विशिष्ट स्फटिक जमतात. हे स्फटिक मुख्यतः दोन काळांत मिळाले: ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी, आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. म्हणजे लोणारचं दैत्यसूदनाचं मंदिर उभं राहिलं तेव्हाही पावसाने एकंदरीत ओढच धरली होती. आपल्या आजोबांना बहात्तरचा दुष्काळ आठवतो. गाळाला शतकांची अवर्षणं आठवतात.

नळीच्या प्रवासाचं बर्फाकडचं टोकही आता आपल्या हाती आहे. २००८ पासून स्वालबार्डला, ७९ अंश उत्तरेवर, भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. त्याचा कारभार बघणाऱ्या वास्कोच्या संस्थेत बर्फाचे गाभे उणे २० अंशांत जपतात. बाहेर गोव्याचा उकाडा, आत हजारो वर्षांची थंडी.

पण क्रम जपणारेही कधी बोअरवाल्यासारखे वागतात. कॅम्प सेंच्युरीच्या नळीने बर्फाखालची साडेतीन मीटरच्या आसपास गोठलेली मातीही वर आणली होती. सगळ्यांची नजर बर्फावर. माती बरण्यांत भरून शीतपेटीत गेली आणि विसरली गेली. २०१७ साली ती कोपनहेगनला पुन्हा हाती लागली. धुऊन पाहिली तर तिच्यात काटक्या आणि शेवाळ. जिथे आज मैलभर बर्फ आहे तिथे कधीकाळी हिरवळ होती, हे त्या नको वाटलेल्या मातीने सांगितलं.

आपल्याकडे भूजलाच्या तपासणीसाठी बोअर घेतात तेव्हा ठरावीक खोलीला भुग्याची एकेक ओंजळ काढून ओळीने मांडतात. पहिली काळी, मग पिवळी, मग राखाडी. बर्फाचा गाभा नसला तरी नातं तेच आहे. तिवशाच्या वावरात पुढच्या वेळी गाडी लागेल तेव्हा पाणी लागो न लागो, धुऱ्यावर बसलेल्या कुणीतरी एवढं करावं. एक ओळ मांडावी.