फरशी घेण्याआधी खोली कशी मोजायची? एका बॉक्सचा हिशेब इथे चुकतो!

बीड जिल्ह्यातल्या वडवणीसारख्या गावात टाइल्स बाहेरगावाहून आणायच्या असतील, तर एक बॉक्स कमी पडला तरी पुन्हा गाडीभाडं बसतं. शिवाय नव्या बॉक्सची शेड जुळेलच असं नाही. म्हणून आधी टेप, मग दुकान.

माप कसं घ्यायचं?
लांबी आणि रुंदी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजावी: दोन्ही भिंतींलगत आणि मधोमध. जुन्या माळवदाच्या घरांत भिंती सरळ नसतात, त्यामुळे आकडे वेगवेगळे येतात. त्यातला सर्वांत मोठा धरावा. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही तिरकी मापं सारखी नसतील, तर खोली गुण्यात नाही. कडेला तुकडे जास्त लागतील.

इंचांची चूक
10 फूट 6 इंच म्हणजे 10.6 नव्हे, 10.5. 10 फूट 10 इंच हे कॅल्क्युलेटरवर 10.10 लिहिलं, तर तो 10.1 धरतो आणि जवळपास 9 इंच गायब होतात. इंचांना 12 ने भागून येणारा आकडा फुटांत मिळवावा.

उदाहरण पाहू
- खोली: 10 फूट 6 इंच × 12 फूट 3 इंच = सुमारे 128.6 चौरस फूट
- दाराखालची जागा: 3 फूट × 9 इंच = 2.25 चौरस फूट
- तुकडे आणि फुटतूट यांसाठी 10 टक्के जास्त धरून एकूण: सुमारे 144 चौरस फूट

बॉक्समध्ये नक्की किती?
'2 बाय 2' म्हणून विकली जाणारी टाइल सहसा 600 मिलिमीटरची, म्हणजे 2 फुटांहून थोडी लहान असते. 4 टाइल्सचा बॉक्स 16 नव्हे, सुमारे 15.5 चौरस फूट भरतो. 16 ने भागलं तर 9 बॉक्स पुरतील असं वाटतं. प्रत्यक्षात 10 लागतात. भिंतीलगतची 4 इंची पट्टी त्याच टाइलमधून कापायची असेल, तर या खोलीला आणखी 5 टाइल्स लागतात. म्हणजे 11 बॉक्स.

दुकानात काय पाहायचं?
- बॉक्सवर छापलेलं क्षेत्रफळ
- सगळ्या बॉक्सवर एकच बॅच आणि शेड नंबर
- न उघडलेला बॉक्स परत घेतात का

मजुरीचा दर चौरस फुटावर की ब्रासवर, हेही मिस्त्रीला आधीच विचारावं. फरशीच्या कामात 1 ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. उरलेल्या टाइल्स जपून ठेवाव्यात; पुढे एखादी फुटली तर त्याच कामी येतात.