सामासिक अंतर

१८९६ च्या प्लेगाने कोंदट चाळींचे भय दाखविले, तेव्हा १८९८ साली मुंबईत नगरसुधार मंडळ निघाले. पुढे १९१५ मध्ये इलाख्यास नगररचनेचा कायदा मिळाला. आटपाडी मात्र औंध संस्थानात; १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत तो कायदा तिच्या वेशीबाहेरच होता. जुन्या गावठाणात घराला घर लागते ते वहिवाटीने, आणि वर भावाभावांच्या वाटण्या! दहा हातांच्या पट्टीत दोहों बाजूंस सामासिक अंतर सोडले तर उरेल तो बोळ, घर नव्हे. म्हणून मुंबईबाहेरील महाराष्ट्रासाठी २०२० साली झालेल्या एकत्रित नियमावलीने दाट वस्तीस निराळी मापे दिली. खरी अडचण दिसल्यास सवलतीची मुभाही ठेविली. अशा अर्जावर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने शेजाऱ्याच्या माजघरात भर दुपारी उभे राहून, दिव्यावाचून तेथे धान्य निवडता येते काय, एवढे पाहावे.