करवंटीचा कोळसा आणि साठवलेली वीज

मित्रहो, मागच्या वेळी एक प्रश्न राहून गेला होता: वस्तू आधी की तिचं ज्ञान आधी? आज आपण कोळशाच्या निमित्ताने तोच पुन्हा हाती घेऊ. आम्ही तत्त्वज्ञानाचे, रसायनशास्त्राचे नव्हे. तेवढी सूट द्या.

एप्रिल 1915 मध्ये ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन सोडला गेला आणि विषारी वायूपासून बचाव कसा करायचा याचा शोध सुरू झाला. मुखवट्यात भरायला उत्तम ठरला तो नारळाच्या करवंटीचा कोळसा. 1918 साली अमेरिकेत करवंट्या पुरेनात, तेव्हा लोकांकडून पीचच्या आठळ्या गोळा केल्या गेल्या. कारण एकच. असा कोळसा वाफेत प्रखर तापवला की त्याच्या आत असंख्य सूक्ष्म छिद्रं होतात, कित्येक तर दोन नॅनोमीटरहूनही लहान. चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम कोळशाचं आतलं पृष्ठफळ हजार चौरस मीटर भरतं. आपल्या भाषेत दहा गुंठे!

या दहा गुंठ्यांत वीज ठेवता येईल, हे 1957 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या हॉवर्ड बेकर यांच्या पेटंटात आलं. गंमत अशी की धारकता इतकी प्रचंड का येते, ते नेमकं ठाऊक नाही, असं त्या पेटंटातच कबूल केलेलं आहे. आणि उत्तराचा धागा तर शंभर वर्षं जुना! घन आणि द्रव जिथे भेटतात तिथे विद्युतभाराचा दुहेरी थर बनतो, हे हेल्महोल्ट्झ यांनी 1853 मध्येच मांडलं होतं. सिद्धांत एका कपाटात, वस्तू दुसऱ्या. 1966 मध्ये स्टँडर्ड ऑइल ऑफ ओहायोच्या रॉबर्ट राइटमायर यांच्या पेटंटाने त्यांची गाठ घालून दिली. आज ज्याला सुपरकपॅसिटर म्हणतात तो हाच, आणि त्यात करवंटीचा कोळसा अजूनही वापरात आहे.

आता थोडं रोझलिंड फ्रँकलिन यांच्याविषयी. डीएनएमुळे त्यांचं नाव आपण घेतो, पण त्यांची डॉक्टरेट कोळशावरची, 1945 ची. 1951 च्या निबंधात त्यांनी कार्बनचे दोन स्वभाव वेगळे केले. एक तापवला की थर नीट रचले जाऊन ग्रॅफाइट बनणारा. दुसरा हट्टी, 3000 अंशांनाही वाकडातिकडाच राहणारा. साखर, करवंटी यांचा कार्बन या दुसऱ्या जातीचा. ग्रॅफाइटच्या दृष्टीने हा दोषच की! पण सोडियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये नीट मावत नाहीत, आणि या विस्कळीत रचनेत मावतात. 2000 साली स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोजपासून केलेल्या कार्बनने ते दाखवून दिलं. सोडियम बॅटरीची वाट तिथून मोकळी झाली. म्हणजे दोष कुणाच्या हिशेबाने, हे आधी विचारायला हवं.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. आयआयटी मुंबईत प्रा. महेश्वर शरॉन यांनी कापरापासून कार्बनच्या नॅनोनळ्या बनवल्या.

फक्त ‘वनस्पतीपासून, म्हणून हिरवं’ हे अनुमान मात्र आम्हाला मान्य नाही. भट्टी शेकडो अंशांवर कशाने तापवली? छिद्रं पाडायला दाहक पोटॅश वापरलं तर धुतल्यावर ते पाणी कुठे सोडलं? कोळसा पाडताना धूर कुणाच्या छातीत गेला? आमच्या पिढीने करवंट्या न्हाणीघराच्या बंबात घातल्या. निदान तो धूर आमच्याच डोळ्यांत जात होता.