पिन, वायसर आणि काकडा : स्टोव्हदुरुस्तीचा अलिखित इतिहास

सटाण्याचा इतिहास म्हटला की साल्हेरची 1672 ची लढाई, बागलाणातील किल्ले आणि देवमामलेदार यशवंतराव महाराज ओघानेच येतात. त्यात वावगे काही नाही. परंतु अशा तालुक्याच्या गावांतील स्वयंपाकघरे विसाव्या शतकात ज्यांनी चालती ठेवली, त्या स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना आपल्या इतिहासलेखनात क्वचितच जागा मिळते.

स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने 1892 च्या सुमारास घडवलेला बिनवातीचा स्टोव्ह ‘प्रायमस’ या नावाने जगभर गेला. त्याची रचना साधी होती. पंपाने टाकीत हवा भरायची. दाबाने रॉकेल वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि निपलच्या बारीक छिद्रातून बाहेर पडून ती निळ्या ज्योतीने जळते. रचना साधी, म्हणून बिघाडही ठरलेले. छिद्र बुजले की पिन मारायची. पंपातला चामड्याचा वायसर सुकला की त्याला तेल द्यायचे, नाहीतर बदलायचा. बर्नर गळू लागला की नवा बसवायचा. पितळी टाकी मात्र तीच राहायची. एकेक सुटा भाग बदलत एकच स्टोव्ह पुढच्या पिढीच्या हाती जाई.

या वस्तूने भाषेतही घर केले. देवळातल्या पहाटेच्या आरतीचा काकडा स्टोव्ह पेटवण्याच्या कामी आला. ‘घासलेट’ हा शब्द तर 1928 च्या सुमारास हिंदीतील एका वाङ्मयीन वादात शिरला : बनारसीदास चतुर्वेदी यांनी ‘उग्र’ यांच्या लेखनाला ‘घासलेटी साहित्य’ म्हणून हिणवले.

पण एका शब्दप्रयोगाकडे आपण अधिक गंभीरपणे पाहायला हवे. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ हे वाक्य वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर वर्षानुवर्षे छापले गेले. त्यात कर्ता स्टोव्ह आहे, माणूस कोणीच नाही. कारागिराला विचारले असते तर त्याने भडक्याची कारणे सांगितली असती : बर्नर पुरता तापण्याआधीच हवा भरणे, पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे, गळका सांधा. ही कारणे सासू आणि सून असा भेद करीत नाहीत. मग जळते ती सूनच का, हा स्त्री-चळवळीचा प्रश्न होता. भारतीय दंडसंहितेत 1983 साली कलम 498-अ आणि 1986 साली हुंडाबळीचे कलम 304-ब आले, त्यामागे या प्रश्नाचा रेटा होता. यंत्राचे ज्ञान येथे साक्षीपुराव्याच्या योग्यतेचे ठरते. काही मृत्यू खरोखरच अपघाती असतील. ते वेगळे काढायलाही हेच ज्ञान लागते.

पुढे गॅस आला. 1965 मध्ये ‘इंडेन’ सुरू झाले, 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली. जेट, नॉब, रबरी नळी ही नावे नवी. मात्र बारीक छिद्रातून इंधन सोडून हवेत मिसळण्याचे तत्त्व जुनेच. ज्योत पिवळी पडून भांडी काळी होऊ लागली की आजही आधी बर्नर आणि जेट साफ करतात.

लढायांच्या बखरी आपल्याकडे आहेत. स्टोव्हची बखर कोणी लिहिली नाही, म्हणून त्या वाक्यातला कर्ता इतकी वर्षे कोणाला खटकला नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी निदान त्या वाक्याचे व्याकरण तरी तपासावे.