भाऊसाहेब आणि उताऱ्यावरचं एक नाव

दरवर्षी १२ मार्चला आणि १२ ऑगस्टला मिरामारला भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीवर पुष्पचक्रं वाहिली जातात. पहिली जयंती, दुसरी पुण्यतिथी. सगळ्या पक्षांचे लोक येतात. भाषणांत 'भाग्यविधाते' हा शब्द हटकून येतो, गावोगाव काढलेल्या मराठी शाळांचा उल्लेख होतो आणि मंडळी आपापल्या गाड्यांत बसून निघून जातात. त्यात खोटं काही नाही. शाळा खरंच काढल्या, त्यातल्याच एका शाळेत मीही शिकलो. पण मी पडलो सरकारी कारकून. माझं आयुष्य कागदांत गेलं. त्यामुळे भाऊसाहेब म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पुतळा येत नाही, एक-चौदाचा उतारा येतो.

गोव्यात जमीनजुमल्याशी ज्याचा संबंध आला, त्याला हा उतारा ठाऊक आहे. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, कब्जेदाराचं नाव. त्याच कागदावर कुळाच्या नावाचा एक रकाना असतो आणि 'इतर हक्क' म्हणून आणखी एक. या दोन रकान्यांत ज्यांची नावं आली, त्यांच्या घरी काय फरक पडला ते आज पन्नाशीच्या आतल्या माणसाला सांगूनही पटत नाही.

थोडं मागे जाऊ. मुक्तीनंतरची पहिली विधानसभा निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. नुकत्याच स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १४ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सना १२. काँग्रेस पार झोपली. भाऊसाहेब स्वतः उभे राहिले नव्हते, तरी तेच मुख्यमंत्री झाले आणि नंतर मडकईतून निवडून आले. पुस्तकांतून हा विजय विलीनीकरणाचा कौल म्हणून सांगितला जातो. तो मुद्दा होताच. पण 'कसेल त्याची जमीन, राहील त्याचे घर' ही घोषणा ज्यांच्या कानावर पडली, त्यांना नकाशापेक्षा आधी आपलं छप्पर दिसलं असणार.

कूळ दुसऱ्याचं शेत खंडाने कसायचं आणि मुंडकार दुसऱ्याच्या भाटात घर बांधून राहायचा. पुष्कळदा दोन्ही एकच असत. मालक हिंदू असो की ख्रिस्ती, रीत तीच. आमचं कुटुंब डिचोली तालुक्यातलं, मुंडकाराचं. माझी आजी सांगायची, चुडतांच्या छपरावर नळे घालायचे तरी भाटकाराला विचारावं लागे. त्याच्या घरी लग्नकार्य असलं की आमच्या घरची बाईमाणसं राबायला जायची आणि मजुरीची गोष्ट कोणी काढत नसे. घर आमचं, पण पायाखालची जमीन त्याची. 'ऊठ' म्हटलं की उठायचं. आजीने १९६३ साली आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं, ते सिंहाला. का दिलं विचारलं की म्हणायची, ''घरा खातीर.''

आता त्या मताचं काय झालं ते बघा. १९६४ साली शेतजमिनीचा कूळ कायदा आला. खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत मर्यादित झाला आणि कुळाला मनमानी करून शेतातून काढता येईनासं झालं. एक खाणमालक मुख्यमंत्री होतो आणि वर्षभरात कुळांच्या बाजूने कायदा करतो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पण या कायद्याने संरक्षण दिलं, मालकी दिली नाही. शेजारच्या कोकणात मुंबई राज्याच्या कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कुळांना मालक केलं होतं. तेरेखोलच्या पलीकडचा सोयरा मालक आणि अलीकडचा कूळ, असा प्रकार. विलीनीकरणाचं आकर्षण कुळांना का वाटलं असेल याचं एक उत्तर मला इथे दिसतं.

दुसरी अडचण कारकुनी होती आणि म्हणून मला ती जास्त मोठी वाटते. आपण कूळ आहोत हे सिद्ध कसं करायचं? पोर्तुगीज काळातल्या नोंदपुस्तकांत मालमत्ता होती, मालक होता. कसणाऱ्याचं नाव शोधून सापडत नसे. खंडाची पावती मागायची सोय नव्हती. पिढ्यान् पिढ्या शेत कसलं, पण कागदावर तो माणूस नाहीच! कायदा त्याच्या बाजूने, पुरावा भाटकाराच्या कपाटात.

मध्येच जनमत कौल आला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांनी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं आणि फूल हरलं, दोन पानं जिंकली. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. पक्षाचा पायाच उखडला असं कोणालाही वाटलं असतं. पण अवघ्या दोनेक महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, त्याच लोकांनी भाऊसाहेबांच्या पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन परत सत्तेवर बसवलं. याचा अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावला आहे. मला वाटतं ते एवढंच, की लोकांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले. महाराष्ट्रात जायचं की नाही हा एक आणि आमच्या घराचं, शेताचं कोण बघणार हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

दुसऱ्या कारकिर्दीतल्या एका कामाचा उल्लेख मी समाधीवरच्या भाषणांत आजवर ऐकलेला नाही. ते म्हणजे १९६८ ची जमीन महसूल संहिता, आपला लँड रेव्हेन्यू कोड. नावच इतकं रुक्ष की टाळी कोण वाजवणार? पण या संहितेमुळे गावागावात मोजणी झाली, हक्कनोंदणी झाली. सत्तरच्या दशकात सर्व्हेवाले साखळ्या घेऊन बांधाबांधावरून फिरले आणि 'हे कोण कसतं?' हा प्रश्न सरकारच्या वतीने प्रथमच विचारला गेला. एक-चौदाचा उतारा त्यातूनच जन्मला. काही ठिकाणी नावं चुकली, काही ठिकाणी दडपणाने लागलीच नाहीत. तरीही कुळाचा रकाना अस्तित्वात आला ही मोठी गोष्ट. घोषणा भिंतीवर लिहिता येते, हक्क रकान्यातच लिहावा लागतो.

१२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब गेले. 'कसेल त्याची जमीन' हे वचन तेव्हा अर्धवटच होतं, हे प्रामाणिकपणे म्हणायला हवं. जवळजवळ दहा वर्षं सत्ता हातात असून मालकीचा कायदा त्यांच्या हयातीत झाला नाही. तो केला शशिकलाताई काकोडकरांनी. १९७५ चा मुंडकार कायदा आला. त्याने घरातून काढण्याला बंदी घातली आणि घर व भोवतालची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. पंचायतीच्या हद्दीत घराखालची धरून ३०० चौरस मीटर. कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ पासून कुळाने जमीन विकत घेतली असं मानलं गेलं. जमीनमालक कोर्टात गेले. १९८४ साली ४७ वी घटनादुरुस्ती होऊन ही दुरुस्ती घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेली. वडिलांनी दिलेला शब्द मुलीने पाळला, असं म्हटलं तर ते भावुक वाटेल, पण तारखा तेच सांगतात.

आता आमच्या घराची गोष्ट. मुंडकार म्हणून नोंद व्हायला मामलेदाराकडे अर्ज करावा लागतो. आजीने तो केला नाही. वडील मागे लागले, गावातल्या शिकल्यासवरल्यांनी सांगून पाहिलं. तिचं एकच, ''भाटकारान जागो दिलो, ताच्या आड अर्ज कसो घालूं?'' जिने घरासाठी मत दिलं, तिला त्याच घरासाठी सही करवली नाही. मत गुप्त असतं, अर्जाची नोटीस भाटकाराच्या दारात जाते. हा फरक मला पुढे नोकरीत आल्यावर कळला.

ती गेल्यावर वडिलांनी अर्ज घातला. तोपर्यंत भाटकाराच्या वारसांनी भोवतालचं भाट विकलेलं होतं आणि नव्या मालकाने आमच्या वाटेवर कुंपण आणलं होतं. फाईल चालली अकरा वर्षं. तारीख, पुढची तारीख, अधिकारी बदलला, पुन्हा तारीख. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण मीही अशाच एका टेबलामागे बसतो आणि माझ्या टेबलावरूनही कुणाची तरी फाईल उशिरा हललेली असेल. शेवटी हुकूम मिळाला. वडिलांनी तो देवासमोर ठेवला आणि आजीच्या फोटोला दाखवला. उताऱ्यावर आमचं आडनाव आलं, तेव्हा मला आजीचं मत खऱ्या अर्थाने मोजलं गेल्यासारखं वाटलं. मधे चाळीसहून अधिक वर्षं गेली होती.

हे सगळं इतिहासजमा झालं असंही नाही. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून कुळांचे खटले मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे नेले आणि अर्जांना तीन वर्षांची मुदत घातली, तेव्हा गावोगाव लोक उठले. वकील परवडत नाही त्याने काय करायचं, हा त्यांचा साधा प्रश्न होता. पुढे ते खटले पुन्हा मामलेदारांकडे आले. पण मुंडकारांच्या फाईली अजूनही पडून आहेत आणि जमिनीचे भाव असे आहेत की भाटकार परवडला, असं म्हणायची पाळी यावी.

लोकप्रतिनिधी मतदारांसाठी झगडतो म्हणजे नेमकं काय करतो? सभा घेतो, घोषणा देतो, कायदाही करतो. पण कायद्यानंतरचं अर्ध काम कचेरीत असतं आणि ते आमच्यासारख्यांच्या हातात. येत्या १२ मार्चला समाधीवर फूल वाहायला मी जाईनच. त्याआधी टेबलावरच्या दोन जुन्या फाईली पुढे सरकवून जायचं ठरवलंय.