जॅझ, बीट कवी आणि आपला कीर्तनाचा कान

भोपाळचे भारत भवन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी सुरू झाले. त्यातील ‘वागर्थ’ या कविता-केंद्राची धुरा त्याच दशकात दिलीप चित्रे यांनी वाहिली. जन्माने बडोद्याचे, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. चित्रे, अरुण कोलटकर, अशोक शहाणे यांच्या पिढीवर एक जुना आक्षेप आहे: यांनी अमेरिकेतल्या बीट कवींची नक्कल केली. तो आक्षेप आज तपासून पाहू.

बीट कवींनी नेमके काय केले? १९५७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘सेलर’ या तळघरातल्या क्लबात केनेथ रेक्सरॉथ आणि लॉरेन्स फर्लिंगेटी यांनी जॅझच्या साथीने कविता म्हटल्या. १९५९ साली जॅक केरुआकच्या वाचनाला दोन सॅक्सोफोनवादकांनी साथ दिली आणि त्याची तबकडी निघाली. त्याआधी माइल्स डेव्हिससारख्यांनी १९४९-५० च्या सुमारास जॅझचा आवाज उतरवला होता. कूल जॅझ म्हणतात तो हा. त्यात सूर मऊ, लय सैल, मध्ये भरपूर मोकळी जागा. त्या जागेत बोललेला शब्द बसू शकत होता. कवी ओळ म्हणून थांबे, वाद्य ती पुढे नेई. रात्री उशिरा, दिवे मंद करून ऐकण्याची ही चीज.

आता वारकरी कीर्तन आठवा. बुवा अभंगाचा चरण घेतात, गाणे सोडून निरूपणाला लागतात, आवाज चढत जातो आणि नेमक्या जागी टाळकरी चरण उचलतात; पखवाज बोलू लागतो. बोलणे आणि गाणे यांच्यामधली वाट आपल्याकडे शतकानुशतके मळलेली आहे. फरक आहेच. कीर्तनकार फिरून ठरलेल्या चरणावर येतो आणि त्याच्यामागे श्रद्धा उभी असते; जॅझवादक जागेवरच नवे रचतो. पण दोन्हीकडे कविता पुरी होते ती ऐकणाऱ्याच्या कानात.

ॲलन गिन्सबर्ग मुंबईत आले ते १९६२ साली. चित्रे आणि कोलटकर यांचे ‘शब्द’ हे लघुनियतकालिक १९५० च्या दशकातले. चित्र्यांचा ‘कविता’ हा संग्रह १९६० चा. अमेरिकन पुस्तके त्याआधीही मुंबईत पोचत होती, म्हणून प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या प्रभावाचे पुढे काय झाले ते पाहावे. इंग्रजी गाणी रचणारे कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले. चित्रे तुकोबांकडे वळले. त्यांच्या इंग्रजी अनुवादाचा ग्रंथ १९९१ साली आला. आणि गिन्सबर्ग? भारतातून परतल्यावर पुढे ते पेटी वाजवत कविता गाऊ लागले. उसनवारी एकाच बाजूने झाली, असे कसे म्हणावे? आपल्या कवींना परक्या आवाजात घरचीच रीत ओळखू आली, असे मला वाटते.

हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाले. त्यानंतर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून आलेल्या आपल्या घरांत आज तिसरी-चौथी पिढी आहे. त्यांची शाळा हिंदी वा इंग्रजी. लिपी एकच असल्याने मराठी अक्षरे त्यांना वाचता येतात. ओळीची लय मात्र सापडत नाही. तरी आजीचा हरिपाठ त्यांनी ऐकलेला असतो. भाषा डोळ्यांतून निसटली तरी कानात उरते.

म्हणून विनंती एवढीच. रात्रीची जेवणे झाल्यावर आठवड्यातून एकदा घरात एक कविता मोठ्याने म्हणावी. तुकोबांची असो, कोलटकरांची असो. साथीला नातवाला आवडेल ते वाद्य चालेल, गिटारसुद्धा. अर्थ त्याला लगेच कळला नाही तरी हरकत नाही. दोन ओळींमधली शांतता मात्र त्याला ऐकू द्यावी.