चुकीची नोंद आणि ३० दिवसांची मुदत

१/३ १८९९ मध्ये अटलांटा येथे स्थापन झालेली ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ लोकांची पत, सवयी आणि शेजाऱ्यांच्या वदंताही टिपून ठेवी. ज्याच्याविषयी लिहिले, त्याला मात्र ते वाचण्याचा हक्क नव्हता. नोकरी वा विमा नाकारला गेला तरी!

२/३ सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये कायदा झाला आणि नोंदीला हरकत घेता येऊ लागली. फेरतपासणी ‘वाजवी काळात’ व्हावी, इतकेच त्यात होते. ३० दिवसांची मुदत १९९६ च्या दुरुस्तीने आली.

३/३ २००३ मध्ये काँग्रेसने फेडरल ट्रेड कमिशनकडून अचूकतेचा अभ्यास मागवला. २०१२ च्या अहवालानुसार, हरकतीनंतर पाचांपैकी एका ग्राहकाच्या किमान एका पत-अहवालात दुरुस्ती करावी लागली. हक्क देऊन कायदेमंडळाचे काम संपत नाही. तो चालतो का, हेही त्यालाच विचारावे लागते.